दुपारी तीनचा उजेड

माझा डावा डोळा वनमाला पेडणेकरांनी केलेला आहे. एकच नाही, आजवर आठ केले. चौदाव्या वर्षी विटी लागून खरा डोळा गेला, तेव्हा डॉक्टरांनी आईला एका चिठ्ठीवर मुलुंडचा पत्ता लिहून दिला. चार मजली जुनी इमारत, अगदी वरच्या मजल्यावरची खोली, दारावर साधी पाटी : कृत्रिम डोळे, वेळ दहा ते पाच. आत तिशीतली एक बारीकशी बाई एप्रन घालून बसली होती. मला बघून म्हणाली, "खुर्चीत बस. रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. नंतर रडलास तर चांगला डोळा लाल होईल आणि माझा रंग चुकेल."

मी रडलो. त्या शांतपणे पेन्सिलीला टोक करत बसल्या. मग म्हणाल्या, "झालं? आता माझ्याकडे बघ."

डोळा कसा गेला हे त्यांनी मला विचारलं नाही. कोणालाच विचारत नाहीत.

त्यांचे वडील धोंडू पेडणेकर वेंगुर्ल्याकडचे, परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. संध्याकाळी खिशातून कापडाच्या चिंध्या घेऊन यायचे, उत्तरेच्या खिडकीत मांडायचे आणि मुलीला विचारायचे, यातल्या एकाच घाण्यातल्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, दोन कुठल्या? वनमालाताई नऊ वर्षांच्या असताना न चुकता सांगायच्या. संपानंतर गिरणी गेली, वडील गावाला परतले, आणि ही मुलगी एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात कृत्रिम डोळ्यांच्या खात्यात चिकटली. तिथे शिकून तिने मुलुंडला स्वतःची खोली मांडली. लग्न झालं तरी नाव माहेरचंच ठेवलं. पाटी रंगवून झाली होती, असं त्या कारण सांगतात.

हे काम असं असतं. आधी डोळ्याच्या खोबणीचं माप घ्यायचं, मेणाचा साचा करायचा, त्यावरून अॅक्रिलिकचा पांढरा कवच-डोळा पाडायचा. मग माणसाला समोर बसवून, त्याच्या खऱ्या डोळ्यात बघत बघत बुबुळ रंगवायचं. लाल रेशमाचा धागा उकलून केसाहून बारीक तंतू काढायचे आणि त्यांच्या शिरा बसवायच्या. सगळ्यात अवघड असतो तो पांढरा. कारण डोळ्यातला पांढरा कधीच पांढरा नसतो. कोणाचा निळसर, कोणाचा दुधी, कोणाचा कोपऱ्यात जरा मातकट. वनमालाताईंकडे दहा प्रकारचे पिवळे होते, आणि त्यातला कुठला किती घ्यायचा हे त्यांचा हात ठरवायचा.

माझं नाव देवव्रत. मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका चाचणी प्रयोगशाळेत एलईडी दिवे तपासतो. वीस वर्षं हेच करतोय. हे सांगायला थोडी लाज वाटते, कारण पुढे जे झालं ते सगळ्यात आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कृत्रिम डोळा पाच-सहा वर्षांनी बदलावा लागतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये माझी वेळ आली. मुलुंडला गेलो तर खोली बदललेली. शेजारच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट होऊन बावीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला होता आणि ज्या उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात ताई रंग जुळवायच्या, तिच्याबाहेर पाच फुटांवर भिंत आली होती. ताईंनी छताला पीओपी करून त्यात गोल एलईडी दिवे बसवून घेतले होते. रंगकामाच्या खुर्चीच्या बरोबर वर एक मोठा. "खोक्यावर डेलाईट लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, उत्तर गेली तर गेली, विकत घेऊ."

आणखीही एक बदल होता. त्यांचे यजमान शरच्चंद्र आदल्या वर्षी लिव्हरच्या आजारानं गेले होते. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. त्यांनी मान हलवली आणि चिमटा उचलला.

रंगकाम दोन दुपारी चाललं. वर गच्ची, एप्रिलचं ऊन, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास माझं लक्ष ताईंच्या हाताकडे गेलं. नखं जांभळट दिसत होती. मग मी चेहरा पाहिला. ओठांवरचा रंग गेला होता, गालांवर शिळ्या राखेसारखी कळा आली होती.

"ताई, बरं वाटत नाहीये का?"

त्यांनी ब्रश थांबवला. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"मला? मी तुलाच विचारणार होते."

मग त्यांनी विचित्र गोष्ट केली. ब्रश खाली ठेवला, पुढे झुकून माझं मनगट दोन बोटांत धरलं आणि नाडी बघितली. "चालू आहे," असं स्वतःशीच पुटपुटल्या आणि पुन्हा रंगवायला लागल्या. मला वाटलं, उन्हाचा त्रास. नवरा गेलेल्या बाईची मनःस्थिती. वर मान करून दिव्याकडे बघावं असं एकदाही डोक्यात आलं नाही.

डोळा बसवून त्यांनी आरसा दिला. डावा-उजवा हुबेहूब. मी खूश होऊन घरी आलो.

आम्ही गोरेगावला राहतो. रविवारी सकाळी मी आणि माझी बायको स्वरदा आरेत फिरायला जातो. तबेल्यांजवळच्या टपरीवर चहा घेऊन आम्ही कठड्यावर बसलो होतो. झाडांतून स्वच्छ ऊन येत होतं. स्वरदा माझ्याशी बोलता बोलता गप्प झाली.

"देवव्रत, जरा इकडे बघ." मी बघितलं. तिनं ग्लास खाली ठेवला. "हा तुझा डोळा नाहीये."

"नवीन आहे गं. तुला सवय नाही अजून."

"नवीन नाही वाटत. आजारी वाटतोय." ती थोडी मागे सरली. "तू इथे बसलायस आणि त्या डोळ्यातून दुसराच कोणीतरी बघतोय. बरा नसलेला माणूस. खरंच सांगते, काढ तो."

तिनं फोनवर फोटो काढून दाखवला. उजवा डोळा माझा होता. डाव्यातला पांढरा पिकलेल्या पानासारखा पिवळा, आणि बुबुळाला तांबूस झाक. चार दिवसांपूर्वी आरशात हे दोन्ही सारखे दिसले होते. फोटोत उजव्या बाजूनं मी जिवंत दिसत होतो, डाव्या बाजूनं नाही.

सोमवारी रजा टाकून मुलुंड गाठलं. ताईंनी दार उघडलं, जिन्याच्या जाळीतून येणाऱ्या उजेडात माझ्याकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"तूसुद्धा," त्या म्हणाल्या.

आत जाऊन त्यांनी पांढरा नॅपकिन आणला, जिन्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर अंथरला आणि त्यावर तीन डोळे मांडले. गेल्या काही महिन्यांत परत आलेले. "तुझाही काढ." मी काढून ठेवला. "पाचवा घाटकोपरला आहे. शुभाकाकू म्हणून रिटायर्ड शिक्षिका आहेत, त्यांच्याकडे. त्यांचा फोन आला होता, पण डोळा आणला नाही अजून."

मी चार डोळे बघत होतो. बुबुळं वेगवेगळी. एक घारं, एक जवळजवळ काळं. पण चौघांतला पांढरा एकच होता. तोच पिवळा.

"चार माणसांचा पांढरा कधी एक नसतो रे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सख्ख्या भावांचा नसतो. हे कोणाचे आहेत, सांगू?"

मी माझा डोळा उचलून उजेडात धरला.

"ह्यांचे आहेत."

मला कळायला क्षणभर लागला. हे, म्हणजे शरच्चंद्र.

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदाच माझ्यापाशी त्या दिवसांबद्दल बोलल्या. शरच्चंद्रांना शेवटचे पाच महिने कावीळ होती. डॉक्टर रक्त तपासून आकडा सांगायचे, पण ताईंना त्याआधीच कळायचं. रोज सकाळी त्यांच्या पापणीखाली बघून त्या मनात म्हणायच्या, आज अर्धी छटा वाढली. आज पाव उतरली. "एकदा हे म्हणाले, वनमाला, तू माझ्याकडे बघतेस का रंगाकडे? मी म्हटलं, असं काय बोलता. पण रंगाकडेच बघत होते रे मी. तेवढंच मला येतं."

"आणि आता?" मी विचारलं.

"आता तीन वाजले की समोरचं माणूस मरतं." त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. "बारा-साडेबारापासून सुरू होतं. आधी ओठ जातात, मग कानाच्या पाळ्या. शुभाकाकूंना खुर्चीत डुलकी लागली होती. तोंड उघडं, एक डोळा मिटलेला, दुसरी खोबण मोकळी. मी ओरडत जिन्यापर्यंत आले. त्या मागून विचारतायत, काय गं, उंदीर होता का? माका काय कळना नाय, देवव्रत. घरात कोणाला सांगू? म्हणतील, बाईचं डोकं फिरलं."

मालवणी त्या एरवी बोलत नसत.

मी तेव्हा जे विचारलं ते शहाणपणानं नाही, सवयीनं विचारलं. कामावर आम्ही पहिला प्रश्न हाच करतो. "ताई, हे चारही कधी रंगवले? किती वाजता?"

"दुपारी. सकाळी मापं नि मेणाचं काम असतं."

"सकाळी रंगवलेला एखादा परत आलाय?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "नाही."

मी खोलीत गेलो आणि पहिल्यांदा मान वर केली.

बुधवारी प्रयोगशाळेतून एक छोटं यंत्र घेऊन आलो. उजेडात कुठला रंग किती आहे, हे ते आलेख काढून दाखवतं. दहा वाजता दिवा लावला. ताईंना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, मी त्यांच्या जागेवर बसलो आणि त्यांना सांगत गेलो.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतो. आत एक बारीक चिप असते, ती निळा उजेड देते, निव्वळ निळा. तिच्यावर फॉस्फर नावाच्या पिवळ्या पावडरीचा थर असतो, सिलिकॉनमध्ये कालवलेला. थोडा निळा त्यातून तसाच निसटतो, बाकीचा ती पावडर गिळते आणि पिवळा, थोडा तांबूस करून बाहेर टाकते. दोन्ही मिसळले की आपल्याला पांढरा दिसतो. पण ही पावडर तापली की तिचं काम मंदावतं. निळा गिळते, पण त्याचा पिवळा करून देत नाही, ते सगळं आतल्या आत उष्णतेत जातं. हलक्या प्रतीची पावडर असेल तर फारच. तापणं थोडा वेळ असेल तर गार झाल्यावर ती परत ताळ्यावर येते. वर्षभर रोज तापली तर थर करपतो, चिपपासून सुटतो आणि त्या फटीतून निळा सरळ बाहेर येतो.

"आणि हा दिवा पीओपीत बंद," मी म्हटलं. "वर गच्चीचा स्लॅब. हवा जायला जागा नाही."

"मग मला दिसलं कसं नाही? मला?"

"हळूहळू झालं ना. डोळा जुळवून घेतो. तुमचा काय, माझा काय."

यंत्राच्या पडद्यावर डावीकडे निळ्याचा उभा सुळका होता आणि उजवीकडे पिवळ्याची रुंद टेकडी. बारा वाजता टेकडी खचायला लागली. दोन वाजता ती एक तृतीयांशानं कमी झाली होती. पंख्याचा आवाज तेवढा. तीनला पाच मिनिटं असताना टेकडी निम्मी उरली आणि मी आकडा लिहून नजर वर केली.

समोर प्रेत बसलं होतं. कारण मला माहीत होतं, आकडा माझ्याच हातात होता. तरी मी खुर्ची मागे सरकवली. वनमालाताईंनी ते पाहिलं.

"दिसलं ना?" त्या म्हणाल्या. निळसर ओठ हलले, एवढंच. "बरं झालं. एकटीलाच दिसत नाही."

दिवा काढताना बोट भाजलं. गार झाल्यावर झाकण उघडलं. चिपांवरचे पिवळे ठिपके मधोमध तपकिरी पडले होते, कडा उचलल्या होत्या. ताईंच्याच चिमट्यानं मी एका ठिपक्याचा थर सोलून काढला आणि दिवा पुन्हा लावला. त्या एका जागेतून धारदार निळा उजेड निघून छताला लागला. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या.

"म्हणजे हा आधीपासून आत होता?"

"पहिल्या दिवसापासून. प्रत्येक दिव्यात असतो."

"घरोघरी?"

"घरोघरी."

त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

आठवड्याभरात मी चांगल्या फॉस्फरचा दिवा आणला. मागे अॅल्युमिनियमच्या जाड पाती, म्हणजे उष्णता तिकडून निघून जाईल. छतात न बसवता खाली मोकळ्या हवेत टांगला. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच यंत्र लावून ठेवलं. टेकडी हलली नाही. तीन वाजता ताईंचे गाल गालांसारखेच राहिले. मी म्हटलं, झालं, प्रश्न मिटला. डोळे खोलीत जुळत कसे होते आणि बाहेर जुळत का नव्हते, हेही स्पष्ट होतं. पिवळा-तांबडा कमी असलेल्या उजेडात त्या रंगांतला फरक दिसत नाही, म्हणून जास्त पडलेला पिवळा खोलीत लपला आणि उन्हात उघडा पडला.

माझाच डोळा पुन्हा करायला घेतला. सकाळी अकराला रंगवला, नव्या दिव्याखाली. संपल्यावर आम्ही दोघं जिन्याच्या जाळीपाशी गेलो.

पिवळा. तोच.

"यंत्र नीट आहे ना?" ताईंनी विचारलं.

मी आत जाऊन पुन्हा तपासलं. "नीट आहे."

"मग हात." त्यांनी उजवा हात उजेडात धरला, उलटा-सुलटा केला, जणू दुसऱ्याचा होता. "हाताक सवय लागली रे माज्या."

मी समजूत घातली. म्हटलं, वर्षभर रोज दुपारी तोच रंग कालवलात, हात आपोआप तिकडे जातो, कोणाचाही जाईल. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दिव्यानं पिवळा कमी दाखवला, मी जास्त घातला. पटलं. पण माझ्याकडे दहा पिवळे आहेत. मी दर वेळी ह्यांचाच का घेतला?"

मी यंत्र बंद करून पिशवीत भरलं.

त्यांनी दाराला कुलूप लावलं. मे महिनाभर कोणाचा डोळा केला नाही. रोज सकाळी आठ वाजता गच्चीवर जायच्या, पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाट टाकून बसायच्या आणि नखाएवढ्या अॅक्रिलिकच्या चकत्यांवर फक्त पांढरा कालवायच्या. समोर कोणी नाही, बुबुळ नाही, शिरा नाही. दिवसाला वीस चकत्या. निरोगी माणसाचा पांढरा आणायचा एवढंच. रविवारी मी जायचो. पहिल्या आठवड्यातली एकूण एक चकती आजारी होती. ताई रागावत नव्हत्या, त्रागा करत नव्हत्या. प्रत्येक दिवसाची एक चकती कठड्यावर चिकटवून खाली पेन्सिलीनं तारीख घालायच्या.

चौथ्या रविवारी कठड्यावर रांग पुरी झाली होती. डावीकडे गडद पिवळा, मग थोडा कमी, मग आणखी कमी, मध्ये एके दिवशी पुन्हा वाढलेला, मग उतरत उतरत उजव्या टोकाला स्वच्छ, किंचित निळसर, लहान मुलाच्या डोळ्यात असतो तसा.

"ओळखलंस?" त्या म्हणाल्या. "ह्यांचे पाच महिने आहेत. उलटे. तो मधला आहे ना, त्या दिवशी पोटातलं पाणी काढायला नेलं होतं दवाखान्यात." त्यांनी शेवटच्या चकतीवर बोट ठेवलं. "हे असं व्हायला हवं होतं."

ऊन चढलं होतं. कठडा तापला होता. त्यांनी सगळ्या चकत्या एक एक करून सोडवल्या, डब्यात भरल्या आणि आम्ही खाली आलो.

जूनमध्ये त्यांनी परत आलेले चारही डोळे नव्यानं केले. माझा बसवून घरी गेलो तेव्हा स्वरदानं मला गॅलरीत नेलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, आणि "आलास?" एवढंच म्हणाली.

राहिल्या शुभाकाकू. ताईंनी त्यांना फोन केला तेव्हा मी समोरच बसलो होतो. फोन स्पीकरवर होता.

"काकू, तुमच्या डोळ्यात चूक झालीय माझ्या हातून. येऊन जा, दुसरा करून देते."

"पिवळा आहे तेच ना? कळलं मला." पलीकडून मास्तरीणबाईंचा स्पष्ट आवाज आला. "राहू दे गं. मी एकटी असते. आरशासमोर वेणी घालायला बसले की त्या बाजूनं दुसरंच कोणीतरी बघतं. आधी दचकायचे. आता सोबत वाटते. बिचारा काही त्रास देत नाही."

ताईंनी 'बिचारा' हा शब्द ऐकला. मीही ऐकला. फोन ठेवल्यावर त्या काही वेळ उगाच ब्रश पुसत राहिल्या.

आता त्या महिन्यातून एकदा घाटकोपरला जातात. शुभाकाकूंचा डोळा पॉलिश करायला, असं सांगतात. दुपारचं जेवण तिकडेच होतं आणि परत यायला संध्याकाळ होते. अॅक्रिलिकच्या डोळ्याला सहा महिन्यांतून एकदा पॉलिश पुरतं. माझं गेली तीस वर्षं तसंच चाललंय. परवा माझ्या पॉलिशच्या वेळी मी विचारलंच, "ताई, त्यांना दर महिन्याला कशाला लागतं?"

"घाटकोपरला धूळ फार," त्या म्हणाल्या, आणि अंगठ्यानं माझी पापणी वर उचलून म्हणाल्या, "हं, खाली बघ."